अध्यक्षांची टोपी

आपल्यावर अविश्वासाचा ठराव आला आहे, याचं बापूरावांना हसूच येत होतं. अल्लीपूरच्या भाजीवाल्यांची पाणी सोसायटी, नाल्यावरचं तिचं इंजिन आणि अध्यक्षाची लोखंडी खुर्ची, तिन्ही आपलीच, असं ते धरूनच चालत. आणीबाणी उठून वर्ष झालं होतं आणि दिल्लीतले भलेभले पडले होते. त्यांना आपली माणसं सांभाळता आली नाहीत, एवढंच बापूरावांचं त्यावर म्हणणं.

सभेच्या टिनाखाली शिरताना म्हातारे नानाजी त्यांच्या कानाशी लागले. "बापूरावजी, खालच्या पट्टीवाल्यायसंग दोन शब्द गोड बोलून घ्या. पाच-सात जन अजून काठावर हायेत."

"काऊन? जे आपले नाई, त्यायले काय इचाराचं? माह्ये हात जादा हायेत."

हात जास्त होते, हे खरंच. इंजिनाजवळच्या वरच्या पट्टीची सगळी माणसं मागच्या सतरंजीवर ठाण मांडून होती. इंजिनाचं पाणी आधी त्यांच्या वांग्यांना, उरलं तर खालच्यांना. आणि उरत तर कधी नसे. त्या बदल्यात त्यांनी एकच करायचं. ठराव कोणता, कशाचा, असल्या भानगडीत पडायचं नाही. अध्यक्षांनी टोपी काढून टक्कल पुसलं, की हात वर.

गेल्या साली नत्थूनं हात वर करण्याआधी "ठराव कायचा हाय जी?" एवढं विचारलं, तर बापूरावांनी त्याचं पाणी तोडलं. उभा मळा वाळला. त्याची बायको वच्छला दुसऱ्यांच्या शेतात निंदायला गेली. शेवटी नत्थू पायाशी आला, तेव्हा त्याला सगळ्यांदेखत कान धरायला लावले आणि मगच पाणी सोडलं. "ठराव ऐकनारा मानूस उद्या फितूर होते," बापूराव तेव्हा म्हणाले होते. तेव्हापासून सतरंजीवर कोणी काही ऐकत नसे.

हिंगणघाटहून आलेल्या सहकार खात्याच्या साहेबांनी ठराव वाचायला घेतला. वैशाखाचं ऊन, वर टिन नुसतं भाजत होतं. सतरंजीवर तंबाखू मळणं, गप्पा, जांभया. एकटा नत्थू तेवढा साहेबांच्या तोंडाकडे बघत बसला होता. बापूरावांनी टोपी नीट दाबून बसवली. साहेब आधी ठरावाच्या बाजूचे हात मागतील, तेव्हा टोपी डोक्यावर. मग विरुद्धचे मागतील, तेव्हा काढायची. झालं काम.

तेवढ्यात खालच्या पट्टीतली चतुराबाई उभी राहिली. "अध्यक्षसायेब, माह्या वांग्याची राख झाली. पानी नका देऊ, राहू द्या. पर वर्सातून एकडाव आमच्याकडं तोंड करून बोला तं खरं!"

बापूरावांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते खुर्चीतच मागे वळले, साहेबांकडे पाठ केली आणि आपल्या माणसांना म्हणाले, "ऐकलं का रे? म्हातारीले माह्यं तोंड पाहाचं हाय!"

सतरंजी खदखदून हसली. बापूराव त्याहून जोरात हसले, अगदी पोट धरून. त्या गोंधळात मागून साहेबांनी काय विचारलं, ते त्यांच्या कानावर गेलंच नाही. घाम डोळ्यांत उतरला होता. त्यांनी टोपी काढली आणि दुपट्ट्यानं टक्कल पुसलं.

नत्थूचा हात पहिला वर गेला. मग सगळ्यांचे.

इतके हात पाहून बापूरावांना नेहमीसारखंच बरं वाटलं. ते पाहतच राहिले. हात कुणासाठी वर आहेत, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

"बहुमतानं मंजूर," साहेब म्हणाले.

बापूराव गर्रकन वळले. "कायचा? ठराव कायचा हाय जी?"

"अविश्वासाचा. आता आपण अध्यक्ष राहिला नाहीत. खुर्ची सोडा."

"नत्थ्या! हरामखोरा, काऊन बे?"

"तुमी टोपी काढली जी," नत्थू हात खाली घेत म्हणाला. "इचाराची तं बंदी हाय आमाले."

बापूरावांचं तोंड पांढरंफटक पडलं. आयुष्यात पहिल्यांदा ते खालच्या पट्टीकडे वळले आणि त्यांनी हात जोडले. "चतुराबाई, माय माही, तुमी तरी सांगा साहेबाले! चुकून झालं हे. तुमी म्हनान तेवढं पानी देतो."

चतुराबाईनं त्यांना नीट न्याहाळून पाहिलं.

"दिसलं जी तोंड," ती म्हणाली आणि खाली बसली.

घाम काही थांबेना. बापूरावांनी दुपट्टा उचलला, उघडं टक्कल पुसलं, आणि मागे सतरंजीवर पुन्हा सगळे हात वर गेले.