बोश्केचं औषध

"यंदा बोश्के," सुरीला धार लावत गाश्पार म्हणाला. "बास झाले लाड."

रोझी चुलीपाशी कांदा परतत होती. तिने मान वर केली नाही.

बोश्के म्हणजे त्यांची कुरळ्या केसांची डुकरीण. थंडी पडली की हंगेरीतल्या त्या गावात घरोघर डुक्कर कापायचे, सॉसेज भरायचे आणि शेजारीपाजारी वाटायचे. बोश्केच्या वयाची सगळी डुकरं केव्हाच लोकांच्या पोटात गेली होती. ती तेवढी वाचली, रोझीच्या आतड्यांमुळे.

रोझीचं मोठं आतडं वर्षानुवर्षं सुजलेलं. रक्त पडायचं, अन्न अंगी लागायचं नाही. एका हिवाळ्यात तर ती इतकी झडली की गाश्पार तिला उचलून न्हाणीत न्यायचा. त्याच हिवाळ्यात बोश्के जन्मली, सगळ्या पिल्लांत मरतुकडी. रोझीने तिला चुलीजवळच्या खोक्यात ठेवून बाटलीने दूध पाजलं. दोघीही जगतील असं कुणाला वाटत नव्हतं.

मग शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी नवं इंजेक्शन सुरू केलं. आणि काही दिवसांतच गावातले म्हातारे गुरांचे डॉक्टर वेंडेलकाका भलतंच काहीतरी घेऊन आले.

"डुकराच्या जंतांची अंडी?" गाश्पार किंचाळलाच होता. "माझ्या बायकोला?"

"अरे, ऐकून तर घे. माणसाच्या पोटात ते फार दिवस टिकत नाहीत. पण असतात तोवर त्यांना सुखाने राहायचं असतं, म्हणून ते शरीराला थोपटून गप्प करतात. त्या थोपटण्यात सूजही निजते, असं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"शिकलेले लोक म्हणतात. सगळे नाही, काही."

बोश्केच्या पोटात तसले जंत होते. तेव्हापासून वेंडेलकाका तिची विष्ठा न्यायचे, धुवायचे, गाळायचे, अंडी पिकेपर्यंत घरी बरणीत ठेवायचे आणि मिठाच्या पाण्यात घालून छोट्या बाटलीतून आणून द्यायचे. रोझी बाटली घेऊन परसात जायची. "असलं मला चारचौघांत पिववत नाही," ती म्हणायची. गाश्पारला ते पटायचं. त्यालाही बघवलं नसतं. ती परत यायची तेव्हा तो तिच्यासाठी दारूचा पेला भरून उभा असायचा, तोंडाची चव जायला.

रोझीला गुण आला. गाल वर आले, ती बाजाराला पायी जाऊ लागली. आणि गाश्पारच्या तोंडाला सॉसेज आठवून पाणी सुटू लागलं.

"तू ठणठणीत आहेस," तो सुरी पुसत म्हणाला. "आता त्या बयेचं घरात काय काम?"

"तुझी मर्जी," रोझी म्हणाली. "तपासणीला जायचंच आहे. डॉक्टरीणबाईंना विचार."

त्याने खरंच विचारलं. डॉक्टरीणबाईंनी आतड्याची चित्रं पाहिली, समाधानाने मान हलवली, तेवढ्यात हा म्हणाला, "मग डुकरीण कापू का?"

त्या आधी हसल्या. मग गंभीर झाल्या. "हे बघा, ते जंत घ्या असं मी कधीच म्हटलं नव्हतं. गुण इंजेक्शनचा की त्यांचा, हे आता वेगळं काढता येणार नाही. लोकांवर प्रयोग झालेत. काहींना बरं वाटलं, काहींना काडीचा फरक पडला नाही."

"पण बंद केले आणि पुन्हा सुरू झालं तर?"

"तेही मला छातीठोक सांगता येणार नाही."

परतीच्या बसमध्ये गाश्पारने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "राहू दे बोश्केला."

"आणि तुझं सॉसेज?"

"दुकानातून आणू."

"दुकानातलं तुला भुशासारखं लागतं."

"मग भुसा खाईन!" तो वैतागून म्हणाला. नंतर आवाज उतरला. "तुला पुन्हा तशी उचलून न्यायची माझी छाती नाही, रोझी. तू हवीस मला."

रोझीचे डोळे भरून आले. तिने त्याचा हात घट्ट धरला आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

पुढच्याच आठवड्यात वेंडेलकाका बाटली घेऊन हजर. गाश्पारने आपला निर्णय सांगितला, तसे ते खूश झाले. "गुणाची आहे रे ही डुकरीण! एरवी डुकराच्या पोटातून हे जंत काही महिन्यांत आपसूक निघून जातात. हिचे काही संपता संपत नाहीत. उभ्या जन्मात असं पाहिलं नाही मी."

"नशीब आमचं," गाश्पार म्हणाला आणि पेले काढायला उठला.

रोझी बाटली घेऊन परसात गेली. बोश्के हुंकारत कुंपणाशी आली, तिच्या एप्रनला नाक घासू लागली. रोझीने तिचा कान खाजवला, एकदा मागे वळून घराकडे पाहिलं, बूच काढलं आणि नेहमीप्रमाणे सगळी बाटली तिच्या खाण्याच्या बिटाच्या लगद्यात रिकामी केली.