नाशिकची पेटी

"ती पेटी ठेवा बाजूला," विक्रम साहेब म्हणाले. "केबल सरळ मशीनला लावून बघू."

पेटी मधुसूदनच्या मांडीवर होती. नाशिकहून निघाल्यापासून त्यानं ती मांडीवरून खाली ठेवली नव्हती. आता ती त्यानं टेबलावर ठेवली.

विमानातला रेडिओ दुरुस्त झाला की एक मोठं यंत्र आपोआप त्याची परीक्षा घेतं. गंमत अशी, की सुरुवातीला विमानदुरुस्तीच्या प्रत्येक डेपोनं आपापल्या मर्जीचं यंत्र घेतलेलं आणि प्रत्येकाचा प्लग वेगळा. एकाचा दुसऱ्यात जाईल तर शपथ! नागपूरचं यंत्र सगळ्यांत चोख, म्हणून शंकेचे रेडिओ शेवटी इथंच येत. नाशिकची केबल नागपूरच्या यंत्राला जोडता यावी म्हणून मधुसूदननं स्वतःच्या हातानं ही पेटी बनवली होती. एका तोंडात नाशिकचा प्लग बसायचा, दुसरं तोंड नागपूरच्या यंत्रात. काम नाजूक, कुरियरवर सोडण्यासारखं नाही. म्हणून दर हिवाळ्यात तो स्वतःच ती घेऊन यायचा. आता दिल्लीनं ठरवलं होतं, सगळ्या डेपोंत एकच प्लग, तोही नागपूरचा. कोणाची केबल बसते आणि कोणाची बदलायची, ते बघायला विक्रम साहेब आले होते.

नाशिकची केबल बसते, हे मधुसूदनला चांगलं ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी नाशिकला नव्या केबली आल्या आणि त्यांचा प्लग निघाला नेमका नागपूरसारखा. पेटीची गरज त्याच दिवशी संपली. त्यानं कोणाला काही सांगितलं नाही. गुपचूप पेटीचं एक तोंड बदललं, नवी केबल तिच्यात बसेल असं केलं, पेटी फडक्यात गुंडाळली आणि गाडीत जाऊन बसला. कारण नागपुरात चारुशीला होती.

यंत्र तिच्या ताब्यात होतं. पन्नाशी ओलांडलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी वेदिका लग्न होऊन हैदराबादला. सगळा विभाग तिला ताई म्हणायचा. मधुसूदन एकटाच मॅडम म्हणायचा, आणि का म्हणतो हे कोणी विचारलं नव्हतं. रेडिओ यंत्रावर चढला की बराच वेळ दोघांनाही काम नसे. मग ती घरून आणलेली वांग्याची भाजी त्याच्यापुढे सरकवायची, संत्रं सोलून फोडी कागदावर ठेवायची. बोलणं सगळं इकडचं तिकडचं. नागपूरची थंडी, नाशिकची थंडी. तेवढ्या शिदोरीवर हा भला माणूस पुढचं अख्खं वर्ष काढायचा. नाशिकच्या घरात तो एकटाच. तिथं संत्रं सोललं, की सालीच्या वासानं त्याला काही सुचेनासं व्हायचं. यंदा बोलायचंच, असं दर वर्षी ठरवून तो यायचा आणि थंडीवर बोलून परत जायचा.

चारुशीलानं पहिली केबल उचलली, आग्र्याची. असले गोल प्लग पटकन बसत नाहीत. आतली खाच नेमकी कुठं आहे ते हाताला कळेपर्यंत फिरवत राहावं लागतं. तिनं फिरवला, चाचपला, पुन्हा फिरवला. "नाही बसत, साहेब." दुसऱ्या केबलीलाही तेवढाच वेळ लागला. ती मात्र बसली.

मग तिनं नाशिकची केबल घेतली. मधुसूदननं डोळे मिटले. आता हिच्यासमोरच आपली लबाडी उघडी पडणार. टक्! फिरवणं नाही, चाचपणं नाही, पहिल्याच झटक्यात प्लग आत.

"बसते की!" साहेब म्हणाले. "मग ही पेटी कशाला आणता दर वर्षी?"

मधुसूदननं पेटी जवळ ओढली.

"जुन्या केबलीसाठी होती, साहेब," चारुशीला म्हणाली. "सवयीनं आणून राहिले ते."

साहेब हसले. "सोडा आता ती सवय. रेडिओ नुसते पाठवून द्या. पुढच्या वर्षापासून नाशिकहून माणूस यायचं काही कारण नाही."

साहेब दुसऱ्या विभागाकडे वळले. स्टोअरचे भैय्याजी पेटीपाशी आले. "द्या साहेब, भंगारात जमा करून टाकतो. आता काहून वाहता एवढं वजन?" मधुसूदननं पेटी दिली. देताना तिच्यावरून एकदा हात फिरवला. भैय्याजी ती काखेत मारून निघून गेले.

खोलीत दोघंच उरले. चारुशीलानं पिशवीतून संत्रं काढलं आणि सोलायला घेतलं. वास सुटला. हे शेवटचं संत्रं. निदान लबाडी कबूल करून जावं, असं मधुसूदनला फार वाटलं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"आता यायला काही कारणच उरलं नाही, मॅडम," तो कसाबसा म्हणाला.

तिनं एका फोडीवरचे दोरे काढले. सावकाश, एकेक करून. मग ती फोड कागदावर न ठेवता सरळ त्याच्या हातावर ठेवली.

"कारण तर तीन वर्षांपासूनच नव्हतं, मधुसूदनजी," ती म्हणाली. "तरी येऊनच राहिले ना तुम्ही?"