बत्तीस दातांची गाय

१९७३च्या मे महिन्यात, काष्टीच्या शनिवारच्या बाजारात, दोर विकणाऱ्या लंकाबाईने गिऱ्हाइकाच्या हातातला दोर घट्ट धरून विचारलं, "दावं न्याल, पर जनावर कुठंय?"

सलग तिसरं दुष्काळी वर्ष. लोक दावणीची जनावरं विकायला आणत होते, आणि तेव्हाचा रिवाज असा, की जनावर विकलं तरी विकणारा आपलं दावं परत घरी नेई. दोर लागायचा तो फक्त घेणाऱ्याला. घेणारे त्या दिवशी चार होते. त्यात हे गिऱ्हाईक, म्हणजे आमचे तलाठी भाऊसाहेब, नव्हते.

त्यांना जनावर घ्यायचंच नव्हतं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. बंद दाराआड एकाने दुसऱ्याचे हात बांधायचे, गंमत म्हणून, राजीखुशीने, असं त्यांनी आणि मनकर्णाबाईंनी ठरवलं होतं. चार वडीलधाऱ्यांना न विचारता ठरवलेली त्यांच्या आयुष्यातली ती पहिलीच गोष्ट. आता दोर तर हवा. आणि तोही तलाठ्याच्या पगारात बसणारा.

अर्धा तास निवड चालली होती. काथ्याचा स्वस्त, पण मनकर्णाबाईंनी तो गालाला लावून पाहिला आणि खाली ठेवला. केकताडाचा, म्हणजे घायपाताचा, मजबूत, पण कुसं टोचत. नायलॉनचा तेव्हा नवाच निघाला होता, हिरवागार, चकचकीत. भाऊसाहेबांना तो फार आवडला, कारण महाग होता. गालाला लावून दावं पारखणारी बाई बाजाराने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

"गाय घेतलीय," भाऊसाहेब म्हणाले.

"किती दाती?"

भाऊसाहेब नगर शहरात वाढलेले. जनावराचं वय पुढच्या दातांवरून सांगतात आणि ते आठावर थांबतात, हे त्यांना कुठलं ठाऊक; सातबाऱ्यावर गाईचे दात लिहीत नाहीत. "बत्तीस," ते ठामपणे म्हणाले.

बाजार खदखदून हसला आणि मग सगळ्यांच्या नजरा त्या दोरावर गेल्या. जनावर नाही, कपाळावर घाम, आणि हातात दोर. दलाल सहादेवाने सगळ्यांच्या मनातलं बोलून टाकलं. "चौकशी लागली असंल. भाऊसाहेब, असा जीव देऊ ने मान्सानं!"

आठच दिवसांपूर्वी, खडी फोडायच्या कामावरच्या यादीतून भावाचं नाव गळालं म्हणून, ह्याच सहादेवाने 'ह्या तलाठ्याला मरन कसं येत न्हाई' असा चारचौघांत जप केला होता. आता त्याचे डोळे भरून आले. आपल्याकडे माणूस मेल्यावर चांगला होतो. भाऊसाहेब थोडे आधीच झाले.

लंकाबाईने दोर हिसकावून घेतला. "म्या दावं इकते, मरन इकत न्हाई."

दोघांनी भाऊसाहेबांचे दंड धरले. कुणी म्हणालं पोलीस पाटलाकडे न्या, कुणी म्हणालं तहसीलदाराला कळवा. कळवलं असतं तर नसलेली चौकशी खरोखरच लागली असती. आणि खरं सांगितलं असतं तर तालुक्यातला एकही माणूस पुन्हा भाऊसाहेबांपुढे हात जोडून उभा राहिला नसता.

मनकर्णाबाई खाली बसल्या आणि लंकाबाईच्या कानाशी लागल्या. दोनच वाक्यं.

लंकाबाईचं मिश्रीचं बोट तोंडातच राहिलं. मग ती ताडकन उठली. "सोडा त्यान्ला! गाय हाय त्यांची. म्या वळखते तिला. आन् सहादेवा, तू घरी जाऊन रड."

गर्दी पांगली, जराशी हिरमुसूनच. लंकाबाईने नायलॉनचा दोर बाजूला फेकला. "ह्यो काचतो. आन् गाठ एकदा बसली की सुटत न्हाई." पोत्याखालून तिने एक मऊ सुती दावं काढलं. "पैलीच येळ ना? मंग ह्यो घ्या, वासराचा. सव्वा रुपाया. नवशिक्यानं ह्येच्या वर खर्च करू ने." मग आवाज खाली आणून, "सरकफास टाकू नगा. आत दोन बोटं गेली पायजेत. हात गार पडला की लगी सोडायचं. आन् विळा हाताशी ठेवा."

"तुम्हाला हे कसं ठाऊक?" मनकर्णाबाईंनी हळूच विचारलं.

"आमचं मालक पैलवान हुतं," एवढंच म्हणून लंकाबाईने पदर तोंडाला लावला.

लंकाबाई १९८१ साली गेली. तिचं दुकान त्याआधीच नायलॉनने खाल्लं होतं. सहादेव शेवटपर्यंत सांगत राहिला, की तलाठ्याचा जीव आपण वाचवला; त्या पुण्याईवर तो एकदा सरपंचही झाला. भाऊसाहेब मंडल अधिकारी होऊन निवृत्त झाले, दरारा तसाच ठेवून वारले. त्या बाजारानंतरच्या सोमवारी, भर उन्हाळ्यात, ते पूर्ण बाह्यांचा सदरा घालून कचेरीत आले होते, तेव्हा लोक म्हणाले, साहेबाचा रुबाब वाढला. मनकर्णाबाई ऐंशी ओलांडून ठणठणीत आहेत. त्यांच्या मनगटांना बांगड्यांखेरीज दुसरं काही कधी लागलं नाही.