बसून खेळायचा खेळ

पोरांचे खेळ ठरवणारा जो कोणी साहेब राजधानीत, बिश्केकमध्ये खुर्ची उबवतोय, त्याच्या डोक्यात मेंढीच्या लेंड्या भरल्यात.

नारिनच्या बुरुलचा पोरगा एर्नाझर घोड्यावर चढला की घोड्यालाच घाम फुटायचा आणि कुस्तीत धाकटी बहीणही त्याला लोळवायची. शेवटी त्याला तोगुझ कोरगोल सापडला. समोर खळग्यांची फळी, हातात गोटे, बुड हलवायचं कामच नाही. गावातले सगळे पांढऱ्या दाढीवाले त्याच्यापुढे हरले, तरी जिल्ह्याच्या संघातून त्याला वगळलं.

"मास्तर, माझं पोरगं हरलं तरी कुठं?" बुरुलनं संघ निवडणाऱ्या मास्तरला गाठून विचारलं.

"शंभर मीटर पळण्यात. खेळ कुठलाही असो, पळण्याची चाचणी लागतेच. वरचा नियम आहे, ताई."



"का? समोरचा गडी गोटे घेऊन पळून जातो का? सांगा की, मास्तर."