तुळशीला तांब्याभर

नांगर वर आला, शिडात वारा भरला, तरी होडी जागची हलेना. विद्याधरने पाण्यात बुडी मारली आणि धापा टाकतच वर आला.

"कुमुद, होडीला मुळं फुटलीत! मांडीएवढी जाड! पार चिखलात गेलीत!"

होडी जिवंत लाकडाची होती, कांदळाच्या रोपापासून वाढवलेली. भोक पडलं तर आपोआप भरून यायचं. नियम एकच: तिच्या फळ्यांत गोडं पाणी मुरू द्यायचं नाही, नाहीतर ती मुळं धरते. लग्न झाल्यापासून दोघं तिच्यावरच राहत, किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडत होती.

"पण गोडं पाणी आलं कुठून?"

त्याची नजर डोलकाठीशी ठेवलेल्या तुळशीच्या कुंडीवर गेली. कुंडीखालच्या फळ्या ओल्याचिंब होत्या.

"अगं, कुंडीखाली ताटली होती ना?"

"मीच काढली. या खाडीत आलो तेव्हा."

 विद्याधर कोयता घेऊन कठड्याशी गेला, पण उडी मारवेना. मुळं तोडली तर होडी मरणार होती.

कुमुदने तांब्या भरला आणि रोजच्यासारखा तुळशीला घातला.

"इतकी वर्षं तुम्हाला सांगतेय, कुठेतरी घर करू," ती ओल्या फळ्यांवर हात ठेवत म्हणाली. "हिने ऐकलं."