डोंगरातलं तळं

"आबांचं काय खरं न्हाय, लवकर ये," आईनं कळंबहून वडिलांच्या आजाराचं फोनवर सांगितलं, तेव्हा इटलीत नांदणाऱ्या योगिनीला नवऱ्यानं अडवलं नाही. "उद्या विमानात बसवतो. आज डोंगरातलं तळं बघू," ऋषिराज म्हणाला. राखीव जंगलाच्या मधोमध धरण बांधून केलेलं ते तळं अथांग होतं. भिंतीवर उभं राहून त्यानं तिच्या पर्समधला पासपोर्ट काढला आणि पाण्यात भिरकावला. "गेलीस तर परत येणार न्हाईस, ठाऊक हाय मला." पासपोर्ट तिच्या डोळ्यांदेखत बुडाला. मग तिच्या खांद्यावर हात टाकून त्यानं सासूला व्हिडिओ कॉल लावला. "मामी, हिला हितंच करमतंय. यायला नको म्हणती." "खरं गं?" आईनं विचारलं. त्याची बोटं खांद्यात रुतली. "व्हय," योगिनी म्हणाली. आईनं फोन धरूनच खाटेवरच्या आबांकडं तोंड वळवलं. "आता वाट बघू नका. पोरगी येत न्हाय."