बाबा लपला

गाब्रोवोतली सूतगिरणी बंद पडली आणि प्लामेनची नोकरी गेली. महिनाभर तो घरात गुमसुम बसून होता. आज मात्र चार वर्षांच्या येलित्साने आपल्या बाबाला हट्टाने लपंडाव खेळायला उठवलं.

प्लामेन पडद्यामागे लपला. खालून त्याचे भलेमोठे पाय दिसत होते आणि हसू दाबताना पडदाही हलत होता. येलित्सा पलंगाखाली, कपाटात, चक्क लोणच्याच्या बरणीतही बाबाला शोधत होती.

गॅलरीत मिरच्या भाजणाऱ्या आजीला राहवेना. "अगं आंधळे, ते काय..."

येलित्साने धावत जाऊन आजीच्या तोंडावर हात ठेवला आणि ती कानात कुजबुजली,



"मला मघाशीच दिसलाय गं! पण आज बाबाला जिंकू दे ना!"